एका वटवाघळाचा पत्ता

‘दक्षिण मुंबई’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुलाबा, फोर्ट, काळा घोडा, चर्चगेटची गर्दी. तिथे एखादं वटवाघूळ सापडलं म्हणून कुणी सांगितलं, तर आपण म्हणू, असेल बुवा एखाद्या जुन्या गोदामात. पण १९१३ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, बाविसाव्या खंडात, लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमस नावाच्या मोठ्या प्राणिशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. त्याचा विषय होता एक विलक्षण नवं वटवाघूळ, आणि मथळ्यात त्याचं ठिकाण दिलं होतं ‘सदर्न बॉम्बे’. शब्दाला शब्द ठेवला तर दक्षिण मुंबईच की!

प्रत्यक्षात ते वटवाघूळ कुलाब्यापासून सुमारे पाचशे किलोमीटरवर मिळालं होतं. बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका, तळेवाडी नावाचं एवढंसं गाव आणि त्या गावाजवळची बारापेडे गुहा. गोव्याची हद्द तिथून जवळच. थॉमसच्या ‘बॉम्बे’चा अर्थ शहर असा नव्हता, मुंबई इलाखा असा होता. सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला तो अवाढव्य इलाखा, आणि तळेवाडी त्याच्या दक्षिण टोकाकडे. तेव्हाच्या वाचकाला हे सांगावं लागत नव्हतं. आपल्याला सांगावं लागतं, कारण मधल्या शंभर वर्षांत गाव होतं तिथेच राहिलं आणि त्याच्याभोवतीची सगळी नावं बदलली.

या एका वटवाघळाचा पत्ता शोधण्यात माझे बरेच दिवस गेले. जुने अंक आता घरबसल्या वाचता येतात, त्यामुळे आमच्यासारख्या निवृत्त माणसांची चंगळच झाली आहे. जे हाती लागलं ते सगळं एका जागी मांडावं असं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट समजावून घ्यायला हवी. एखादा प्राणी ‘पहिल्यांदा सापडला’ म्हणजे नक्की काय? माणसांनी तो पहिल्यांदा पाहिला, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. शास्त्राच्या भाषेत ‘सापडणं’ ही एक कागदोपत्री घटना असते. प्राण्याचा एक नमुना जपून ठेवायचा, त्याचं वर्णन छापायचं, त्याला लॅटिन वळणाचं दोन शब्दांचं नाव द्यायचं. तो जो एक नमुना, त्याला ‘टाइप’ म्हणतात. पुढे कधीही वाद झाला, की हे तेच वटवाघूळ की दुसरं, तर निवाडा त्या नमुन्याशी ताडून होतो. जुन्या काळी सोनाराकडे कस लावायला कसोटीचा दगड असायचा, तसंच हे. आणि तो नमुना जिथे मिळाला त्या जागेला ‘टाइप लोकॅलिटी’ म्हणतात. आपण तिला ‘मूळ ठिकाण’ म्हणू.

नमुन्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी हरवली तर तो नमुना म्हणजे पेंढा भरलेलं कातडं, दुसरं काही नाही. शाळेतल्या कपाटात असे बिनचिठ्ठीचे साप-विंचू बरण्यांत बसलेले तुम्ही पाहिले असतील. मुलं त्यांना घाबरतात, पण शास्त्राला त्यांचा काडीचा उपयोग नसतो.

आता तळेवाडीकडे येऊ. पण तिकडे जाण्याचा रस्ता खऱ्याखुऱ्या दक्षिण मुंबईतूनच जातो.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ हौशी मंडळींनी सुरू केली. काही वर्षांतच तिचं बिऱ्हाड ६, अपोलो स्ट्रीट इथे हललं. आज ज्याला मुंबई समाचार मार्ग म्हणतात तो हा रस्ता. जागा होती फिप्सन आणि कंपनी या दारूच्या पेढीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पेढीचा कारभार डब्ल्यू. एस. मिलार्ड नावाच्या गृहस्थांकडे होता, आणि सोसायटीचे मानद चिटणीसही तेच. म्हणजे एका बाजूला वाईनच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला कपाटांतून पक्षी आणि साप! सालिम अलींची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १९०८ साली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन एक लहान मुलगा चौकशीला गेला, आणि एका साहेबाने त्याला न हाकलता कपाटं उघडून दाखवली. तो साहेब म्हणजे हेच मिलार्ड.

याच मिलार्ड यांच्या पुढाकाराने १९११ साली सोसायटीने ‘मॅमल सर्व्हे’ म्हणजे सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. तोवर भारतातले वाघ, हत्ती, गवे साहेबांना चांगले माहीत झाले होते, कारण त्यांची शिकार करता येते. उंदीर, घुशी, चिचुंद्र्या, वटवाघळं यांच्याकडे कोण बघतो? लंडनच्या संग्रहालयात या लहान प्राण्यांचे भारतातले नमुने तुटपुंजे होते, आणि जे होते त्यांतल्या पुष्कळांवर नीट पत्ता नव्हता. सोसायटीने वर्गणी जमवली. सरकारने दिली, संस्थानिकांनी दिली, सभासदांनीही दिली. नमुने गोळा करायला पगारी माणसं नेमली. पहिला अहवाल निघाला तो आपल्या खानदेशाचा. पुढे १९२३ पर्यंत हे काम चाललं. मधे पहिलं महायुद्ध येऊन गेलं, तरी हजारो नमुने जमले.

बारापेडे गुहेतलं वटवाघूळ १९१२ साली गोळा केलं ते सोसायटीच्या नोकरीत असलेल्या एका तरुणाने. त्याचं नाव स्टॅन्ली हेन्री प्रेटर. जन्म १८९०, म्हणजे वय अवघं बावीस. हा अँग्लो-इंडियन मुलगा १९०७ मध्ये सोसायटीत चिकटला आणि १९२३ ते १९४७ तिथला क्युरेटर होता. भारतीय सस्तन प्राण्यांवरचं त्याचं पुस्तक १९४८ साली आलं आणि जंगलात फिरणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या पिशवीत ते राहिलं. आपल्या संविधान सभेत अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी म्हणून जे एस. एच. प्रेटर बसले होते, तेही हेच. वटवाघळांच्या गुहेत शिरलेला आणि संविधान सभेतही बसलेला दुसरा कुणी माणूस मला तरी माहीत नाही!

त्या काळी तिकडे जाणं सोपं नव्हतं. मार्मागोव्याहून येणारी रेल्वे १८८० च्या दशकात घाट चढून कॅसलरॉकला पोचली होती. कॅसलरॉक म्हणजे इंग्रजी हद्दीतलं सीमेवरचं स्टेशन, पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य. रेल्वेच्या रुळांपासून दूर मात्र दाट रान, धो धो पाऊस आणि पायवाटा. आजही त्या भागात पावसाळ्यात परिस्थिती फारशी वेगळी नसते, त्याबद्दल पुढे येईलच.

नमुने मुंबईला आणि तिथून बोटीने लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियममध्ये ऑल्डफील्ड थॉमस बसलेले होतेच. या माणसाने आयुष्यात सस्तन प्राण्यांच्या सुमारे दोन हजार जाती-उपजातींना नावं दिली. बारशाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. इतके प्राणी हाताखालून गेलेला माणूस सहसा कशाने चकित होत नाही. पण या वटवाघळाला त्यांनी लेखाच्या मथळ्यातच विलक्षण म्हटलं.

विलक्षण होतंच ते. आपल्याकडे झाडाला लटकणारं मोठं वटवाघूळ फळं खातं. त्याचा आणि याचा फारसा संबंध नाही. हे किडे खाणारं, आपल्याकडे ज्याला पाकोळी म्हणतात त्या गटातलं, पण पाकोळीच्या मानाने चांगलं थोराड. बहुतेक पाकोळ्यांची शेपटी पंखाच्या पातळ पडद्यात गुंतलेली असते. याच्या कुळात ती पडद्याबाहेर मोकळी निघते, उंदरासारखी. पंख लांब आणि चिंचोळे, म्हणून उडणं वेगाचं आणि उंचावरचं. अंगावर मखमलीसारखी गडद तपकिरी लव, आणि मानेमागे खांद्यांवर फिकट करड्या रंगाची पट्टी, शालीसारखी. आणि कान! दोन्ही कान मोठे, कपाळावर एकमेकांना जुळलेले आणि पुढे थेट नाकाडावर झुकलेले. टोपी डोळ्यांवर ओढून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं ते ध्यान दिसतं.

या कानांवरूनच त्याला नाव मिळालं. थॉमसने त्याच्यासाठी ‘ओटोमॉप्स’ असा नवा गटच केला. त्यातला ‘ओटो’ म्हणजे ग्रीक भाषेत कान. नावाचा दुसरा भाग ‘रॉटनी’, रॉबर्ट चार्ल्स रॉटन या गृहस्थांच्या सन्मानार्थ. हे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी. नोकरीत असताना त्यांना मुंग्यांचा नाद लागला होता, मुंग्यांवर त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलंही होतं. निवृत्तीनंतर हे गृहस्थ विलायतेला गेले आणि आरामखुर्चीत बसण्याऐवजी ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसले. मुंबईहून येणाऱ्या उंदीर-वटवाघळांच्या पेट्या उघडायच्या, नमुने लावायचे, अहवाल लिहायचे, असं काम त्यांनी १९२१ मध्ये जाईपर्यंत केलं. निवृत्त माणसाने दिवस कसे घालवावेत याचा हा नमुना मला फार आवडला.

गंमत अशी, की याच गटातली इतर वटवाघळं आफ्रिकेत, मादागास्करमध्ये, जावात, न्यू गिनीत आहेत. आफ्रिकेतल्या एका जातीचं वर्णन तर १८९७ मध्ये, तळेवाडीच्या आधीच झालं होतं. पण ‘ओटोमॉप्स’ हा गट उभा राहिला तो तळेवाडीच्या नमुन्यावर. त्यामुळे जगातल्या या सगळ्या लांबकान्यांच्या घराण्याचं मूळ घर, शास्त्राच्या दप्तरात तरी, खानापूर तालुक्यात आहे.

आता या हकिकतीत कुणाची नावं आली? मिलार्ड, प्रेटर, थॉमस, रॉटन. नमुना प्रेटरने आणला, नाव रॉटनचं लागलं, नाव देणारा म्हणून थॉमसचं. मग तळेवाडीच्या माणसांचं काय?

बावीस वर्षांचा मुंबईचा मुलगा त्या रानात आपल्याआपण फिरता फिरता गुहेच्या तोंडाशी पोचला, असं मानायला माझं मन तयार नाही. आणि याला एक साधा पुरावा आहे. गुहेला नाव होतं. शास्त्रज्ञांनी गुहेला नाव दिलेलं नाही. ‘बारापेडे’ हे नाव त्यांनी ऐकलं आणि चिठ्ठीवर लिहून घेतलं. ज्या जागेला लोक नाव देतात ती जागा त्यांच्या जाण्यायेण्यातली असते. गुरं वळताना, मध काढताना, पावसात आडोसा शोधताना त्यांनी ती पाहिलेली असते. आणि जो माणूस गुहेत शिरला त्याने छताला लटकणारे ते जीव पाहिले असणारच. तळेवाडीकरांना ते वटवाघूळ नवं नव्हतं. त्यांच्या माहितीला छापखाना नव्हता, इतकंच.

वाटाड्याचं नाव चिठ्ठीवर लिहायची तेव्हा रीत नव्हती. पण गावाचं नाव लिहायची रीत होती. त्यामुळे साहेबांच्या नावांच्या जोडीने एक नाव त्या गावचंही राहिलं. थॉमस आणि रॉटन यांचं कर्तृत्व मोठं आहे, यात शंका नाही. पण या सगळ्या कागदांत मला सर्वांत मोलाचे वाटले ते ‘तळेवाडी’ आणि ‘बारापेडे’ हे दोन शब्द. ते का, ते सांगतो.

पत्त्यातल्या बाकीच्या शब्दांचं काय झालं बघा. ‘सदर्न बॉम्बे’ मधला मुंबई इलाखा गेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यावरून जे झालं आणि अजून चालू आहे ते आपल्या सीमाभागातल्या नातेवाइकांना मी काय सांगणार! १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. २०१४ मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. शिवाय काही शास्त्रीय सूच्यांमध्ये हे ठिकाण ‘कानडा’ या नावाखाली दिसतं, कारण उत्तर कानडा जिल्ह्याची हद्द जवळ आहे. म्हणजे एकाच गुहेतलं एकच वटवाघूळ कुठे मुंबईचं, कुठे कानड्याचं, कुठे म्हैसूरचं, तर कुठे कर्नाटकचं. कुणी फक्त वरचे शब्द वाचून शोधायला निघाला असता तर जन्मभर फिरत राहिला असता. गावाचं आणि गुहेचं नाव लिहिलेलं होतं म्हणून पत्ता लागतो.

पत्ता नीट असल्याने काय साधतं, याचं दुसरं एक सुंदर उदाहरण आहे. तेही वटवाघळाचंच, आणि पुन्हा मुंबईच्या त्याच सोसायटीतलं. १९४८ साली दक्षिणेतल्या मदुरा जिल्ह्यातल्या हाय वेव्ही डोंगरांत अँगस हटन नावाच्या निसर्गप्रेमी मळेवाल्याने एक फळं खाणारं वटवाघूळ गोळा करून सोसायटीला पाठवलं. सोसायटीत त्याला नेहमीच्या एका साध्या वटवाघळाचं नाव लावून कपाटात ठेवून दिलं. वीस वर्षांहून जास्त काळ ते तसंच पडून होतं. पुढे थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी ते बारकाईने पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही नुसती नवी जात नाही, तर संपूर्ण नवा गट आहे. १९७२ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं सालिम अलींचं, ‘लॅटिडेन्स सालिमअलाय’. तेव्हा जगात त्याचा तो एकच नमुना होता. पण चिठ्ठीवर ठिकाण होतं. म्हणून १९९३ मध्ये अभ्यासक पुन्हा त्याच डोंगरांत गेले आणि वटवाघूळ तिथे जिवंत सापडलं. चिठ्ठीवरचं प्राण्याचं नाव चुकलं होतं, ते पंचवीस वर्षांनी दुरुस्त करता आलं. ठिकाणच चुकलं असतं तर कुणाला काय दुरुस्त करता आलं असतं?

बारापेडेच्या वटवाघळाची गोष्ट तर याहून नाजूक. १९१२ पासून २००० पर्यंत, अठ्ठ्याऐंशी वर्षं, साऱ्या जगात त्याचं हे एकच ठिकाण माहीत होतं. १९९६ साली जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झाली. आपल्या वन्यजीव कायद्यातही त्याला पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. २०२२ ची दुरुस्ती होईपर्यंत देशातल्या शंभरावर जातींच्या वटवाघळांपैकी वाघ-हत्तींच्या पंक्तीला या अनुसूचीत फक्त दोन बसत होती. एक हे आणि दुसरं सालिम अलींचं. फळं खाणारी बाकीची वटवाघळं तर त्याच कायद्यात उपद्रवी प्राणी म्हणून उंदरांबरोबर घातलेली होती! आपल्याकडे वटवाघळाला तसंही कुणी शुभ म्हणत नाही, आणि २०२० च्या करोनाच्या साथीत तर बिचाऱ्यांना आणखीच शिव्या बसल्या. तशात दोघांना तरी मान मिळाला.

पुढे चित्र थोडं बदललं. २००० साली कंबोडियात एक नमुना मिळाला. पाठोपाठ मेघालयातून नोंद आली, आणि तिकडच्या चुनखडीच्या गुहांत नंतर वसाहतीही सापडल्या. २००८ मध्ये लाल यादीने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वरून काढून ‘माहिती अपुरी’ या वर्गात टाकलं.

कुणी म्हणेल, इतर ठिकाणी सापडलं ना, मग बारापेडेचं एवढं काय कौतुक? कौतुक अशासाठी, की खानापूर कुठे, मेघालय कुठे आणि कंबोडिया कुठे! मधे हजारो किलोमीटर. तिकडचं वटवाघूळ हे खरोखर हेच का, की दिसायला सारखा असलेला चुलतभाऊ, हे ठरवायचं तर ताडून पाहायला इकडचंच हवं. शंभर वर्षांपूर्वी कवटी आणि कानांची मापं घेऊन काम भागत होतं. आता रक्तातला अनुवंश तपासतात, आपल्या कानांना ऐकू न येणारी त्यांची साद यंत्रावर टिपतात. लंडनच्या कपाटातल्या कातड्याला साद घालता येत नाही. त्यासाठी गुहेत जिवंत वटवाघळं असायला लागतात. मूळ ठिकाण राखायचं ते यासाठी.

आणि ते राखलं गेलंही. हा सगळा भीमगडचा परिसर. भीमगड हा शिवकालीन किल्ला. याच रानात देगावजवळ म्हादई उगम पावते आणि पुढे गोव्यात जाऊन तिची मांडवी होते. या रानाला अभयारण्य करा, अशी मागणी निसर्गप्रेमी मंडळी बरीच वर्षं करत होती, आणि त्यांच्या बोलण्यात बारापेडेच्या वटवाघळाचं नाव हमखास असायचं. डिसेंबर २०११ मध्ये सुमारे १९० चौरस किलोमीटरचं भीमगड अभयारण्य जाहीर झालं.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण रानात गावंही आहेत. तळेवाडी, गवाळी, कोंगळा, पास्तोली, आमगाव, कृष्णापूर, अशी लहान लहान गावं. बहुतेक वस्ती मराठी बोलणारी. अभयारण्याचे नियम आले की पक्का रस्ता, वीज, पूल यांची परवानगी अवघड होते. पावसाळ्यात ओढे चढले की गाव तुटतं. आजारी माणसाला तिरडीसारख्या डोलीत घालून खांद्यावरून चिखलातून मैलोन् मैल न्यावं लागतं. अशा वेळी ‘जंगल वाचवा’ म्हणणं शहरात बसून सोपं असतं. ज्यांच्या खांद्यावर डोली आहे त्यांना ते किती पटेल?

म्हणून सरकारने स्वेच्छेने स्थलांतराची योजना आणली, आणि पहिलं गाव पुढे आलं ते तळेवाडीच. मे २०२५ मध्ये तिथल्या २७ कुटुंबांना गाव सोडण्यासाठी मदतीचा पहिला हप्ता देण्यात आला. प्रत्येकी पंधरा लाख, त्यातले दहा लाख आधी आणि उरलेले गाव सोडल्यावर.

हे वाचून मला बरं वाटलं आणि वाईटही. बरं अशासाठी, की त्या घरांतल्या मुलांना शाळा, बाळंतिणींना दवाखाना जवळ येईल. आपण शहरात हे सगळं भोगत असताना त्यांनी मात्र रानात कंदिलावर राहावं, असं म्हणायचा आपल्याला काय अधिकार? त्यांचा निर्णय त्यांनी घेतला आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

वाईट वाटलं त्याचं कारण हा सगळा जुना कागद. १९१२ साली चिठ्ठीवर लिहिलं, तळेवाडीजवळ बारापेडे गुहा. तेव्हा गाव ही खूण होती आणि गुहा शोधायची होती. शंभर-सव्वाशे वर्षांत इलाखा गेला, राज्य बदललं, जिल्ह्याचं नाव बदललं, आणि टिकलं फक्त गावाचं नाव. आता गावच उठेल. पुढच्या पिढीतला एखादा अभ्यासक तो पत्ता वाचेल आणि नकाशात तळेवाडी शोधील, तेव्हा तिथे रान माजलेलं असेल. गुहेतल्या वटवाघळांनी गावाचं नाव जगभरच्या पुस्तकांत नेलं, आणि त्यांच्या नावाने आलेल्या अभयारण्यात गावाला राहणं कठीण झालं. यात दोष वटवाघळाचा नाही, गावकऱ्यांचा तर नाहीच नाही. पण हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजू मांडायला हव्यात.

एक गोष्ट मात्र अजून हातात आहे. गावं उठतात तेव्हा घरांचे पैसे मिळतात, जमिनीचे मिळतात. नावांचे कुणी देत नाही. कुठल्या ओढ्याला काय म्हणतात, कुठल्या पाणवठ्यावर गवे येतात, कुठल्या गुहेत मुलांना जाऊ देत नाहीत आणि का, हे सगळं तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं. धरणांखाली गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी गावांची ही नावं गावांबरोबरच बुडाली. तळेवाडीचं एक नाव बावीस वर्षांच्या एका मुलाने ऐकून चिठ्ठीवर लिहिलं, म्हणून आपण आज त्याबद्दल बोलतो आहोत. बाकीची शेकडो नावं अजून लिहिली जायची आहेत.

खानापूर-बेळगावकडे आपले पुष्कळ नातेवाईक आहेत, तिकडचे शिक्षक आणि कॉलेजची मुलंही अधूनमधून हे वाचतात. त्यांना माझं सांगणं आहे. भीमगडच्या वाडीवस्तीवरचं कुणी ओळखीचं असेल, किंवा तळेवाडीचं एखादं कुटुंब तुमच्या जवळपास राहायला आलं असेल, तर एक वही घेऊन जा. सोबत चहापूड-साखर न्या. म्हाताऱ्यांजवळ बसा आणि विचारा. जे सांगतील ते तारीख घालून, सांगणाऱ्याचं नाव घालून लिहून ठेवा. सांगणाऱ्याचं नाव विसरू नका, ते १९१२ साली लिहायचं राहिलं आहे.